पारव्यांची शिधावाटप

'डॉक्टर, मी दाणे टाकायचं बंद केलं तर ती बिचारी उपाशी मरतील ना?' बाह्यरुग्ण विभागात एका आजींनी मला विचारले. दोन जिने चढल्यावर त्यांना धाप लागत होती, कोरडा खोकला कित्येक महिने थांबत नव्हता. काळजी मात्र कबुतरांची.

जुलै २०२५ मध्ये राज्य सरकारने मुंबईतील ५१ कबुतरखाने बंद करण्यास सांगितले. ऑगस्टमध्ये दादरला ताडपत्री लागली, आंदोलकांनी ती फाडली. उच्च न्यायालयातल्या सुनावण्यांनंतर महापालिकेने चार पर्यायी जागा आणि सकाळी ७ ते ९ ही वेळ ठरवून दिली. श्रद्धा आणि आरोग्य यांवर भरपूर बोलले गेले. पक्षी पोट कसे भरतो, हे मात्र राहूनच गेले.

आपले कबूतर म्हणजे पारवा. मूळचा कड्याकपारींतला. तेथून तो दाणे वेचायला शेतांकडे, माळांकडे जातो, कधी कित्येक किलोमीटर. सुगीनंतर चंगळ, एरवी वणवण. शहरात त्याला कडा मिळाला तो खिडकीच्या सज्जाचा आणि एसीच्या पेटीमागचा, आणि शेताच्या जागी आले पोते. स्वित्झर्लंडमधील बाझेल शहरात कबुतरांच्या पाठीवर जीपीएस बसवून पाहिले, तेव्हा बहुतेक पक्षी दोन किलोमीटरच्या आतच फिरत होते.

त्याच्याच कुळातला हरियाल, आपला राज्यपक्षी, वड-उंबर कुठे पिकला आहे ते शोधत फिरतो. तो कबुतरखान्यावर उतरत नाही. चिमणीला पिल्लांसाठी अळ्या-किडे लागतात. पारव्याचे तसे नाही. नर आणि मादी दोघेही गळ्याच्या पिशवीत दुधासारखा पदार्थ तयार करून पिल्लांना भरवतात, आणि तो दाण्यांवर तयार होतो. म्हणजे बारा महिने दाणे, तर बारा महिने पिल्ले.

कबुतरांची संख्या म्हणूनच पोत्यांच्या हिशेबात मोजावी. एका कबुतराला दिवसाला साधारण ३० ग्रॅम धान्य पुरते. ५० किलोचे एक पोते रोज रिते झाले, तर दीड हजाराहून अधिक पक्ष्यांची सोय झाली. नव्या व्यवस्थेत वेळेवर बंधन आहे, वजनावर नाही. माझी तक्रार इथेच आहे. थवा दादरहून हलेल, लहान होणार नाही. बाझेलने १९८८ पासून लोकांना दाणे कमी टाकायला पटवले, जोडीला देखरेखीतली खुराडी ठेवली. चार-पाच वर्षांत तिथली कबुतरे सुमारे २० हजारांवरून निम्म्यावर आली.

आता फुप्फुसाकडे. वाळलेल्या विष्ठेतली आणि पिसांच्या भुकटीतली प्रथिने श्वासावाटे आत जातात. काहींच्या शरीराला ती वैरी वाटतात आणि फुप्फुसाला सूज येते. याला हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस म्हणतात. तो दमा किंवा क्षय समजून महिनोन्महिने भलतेच उपचार होतात. संपर्क चालू राहिला तर फुप्फुसात व्रण पडतात, आणि ते पुसता येत नाहीत. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय नोंदणीत फुप्फुसाच्या अशा चिवट विकारांच्या १,०८४ रुग्णांपैकी जवळजवळ निम्म्यांना हाच आजार होता. सगळा दोष कबुतरांचा नाही, हेही सांगायला हवे. त्या रुग्णांत सर्वाधिक आढळलेला संपर्क एअर कूलरचा होता. शिवाय कबुतरांजवळ राहणाऱ्या प्रत्येकाला हा आजार होत नाही. कोणाला होईल, हे आधी सांगता येत नाही.

आजींना मी म्हटले, 'एका दिवसात सगळे बंद झाले तर काही पक्ष्यांचे, विशेषतः घरट्यातल्या पिल्लांचे हाल होतील. म्हणून शहराने हळूहळू कमी करावे. मोठी कबुतरे पांगतील, दुसरीकडे वेचतील, अंडी कमी घालतील. पण आजी, तुम्ही मात्र आजपासूनच थांबा.' सज्जा कोरडा झाडू नका, विष्ठा आधी पाण्याने भिजवा, हे काम घरातल्या दुसऱ्या कोणीतरी एन-९५ मास्क लावून करावे, हेही लिहून दिले.

महिन्याने त्या परत आल्या. दाणे टाकणे थांबवले होते. वरच्या मजल्यावरचे शेजारी मात्र अजून टाकतात, आणि खाऊन झाले की थवा आजींच्याच सज्जावर येऊन बसतो.