पाणी घालण्याआधीं मूळ पाहावें

मोगल अमदानींत नाशिकास गुलशनाबाद म्हणत. त्याच्याच शेजारच्या आमच्या सातपुरांत पावसाळ्यांत गुलाब व जास्वंदी माना टाकतात, हें आम्हांस खटकतें. पान सुकलें कीं झारी पुढें होते. येथेंच घात होतो. काळ्या जमिनींत पाणी तुंबलें म्हणजे मुळांस हवा मिळत नाहीं व बुरशीसारखे सूक्ष्म जीव तीं कुजवितात. त्यांपैकीं फायटॉफ्थोराच्या एका जातीनें १८४५ सालीं आयर्लंडांतील बटाट्याचें पीक नासविलें. कुजलेलें मूळ पाणी शोषीत नाहीं. झाड ओल्या मातींत तहानेलें राहतें. म्हणून पाणी थांबवावें, काळीं, मऊ मुळें छाटावीं, उंच वाफ्यावर झाड लावावें व पाण्यास वाट द्यावी. पालकांनीं हें काम मुलांकडूनच करवावें. कारण शोधूनच उपाय करण्याची संवय त्यांस तेथें लागेल.