खर्जाला कोणी वाली आहे का?

वाद्यवृंदाचा कार्यक्रम दादरच्या शिवाजी मंदिरात असो की लालबागच्या गल्लीतल्या गणपतीच्या मांडवात, प्रेक्षकांची नजर कोठे असते? गायिकेकडे, निवेदकाकडे, फार तर ढोलकीवाल्याकडे. मागे ॲम्प्लिफायरला खेटून, चार जाड तारांचे गिटार गळ्यात अडकवून एक माणूस उभा असतो. त्याच्याकडे कोणी पाहत नाही. पण त्याने मध्येच हात थांबवला, तर सगळे गाणे पोरके होते. तो बेस गिटार वाजवणारा. साध्या गिटारपेक्षा एक सप्तक खाली त्याच्या तारा बोलतात. त्याची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते. हा झाला गाण्याचा खर्ज. या लेखात मला त्याची बाजू मांडायची आहे.

बेस वाजवणाऱ्याची खरी धडपड बोटांच्या वेगासाठी नसते. आपला असा एक नाद सापडावा, डोळे मिटून ऐकणाऱ्याने 'हा अमक्याचा हात' असे ओळखावे, यासाठी ती असते. हा शोध आपल्याला परका नाही. पखवाज वाजवणारा बैठकीला बसण्याआधी डाव्या तोंडाला ओली कणीक लावतो आणि मनासारखा घुमारा येईपर्यंत ती कमी-जास्त करतो. मिरजेच्या तंबोऱ्याची जवारी लावताना घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवतात. दोरा केसभर इकडेतिकडे झाला, की तीच तार कोंदट वाटते किंवा झंकारू लागते. बेस गिटारवाला हेच करतो, फक्त त्याची साधने निराळी. तारांखालचे चुंबक आणि तारेचे वेटोळे, ज्याला पिकअप म्हणतात, ते घोडीजवळ असेल तर आवाज टोकदार येतो, मानेकडे असेल तर गोल आणि भरीव. तारांवरची गुंडाळी सपाट असेल तर नाद मऊ होतो, गोल असेल तर खणखणीत. त्यावर बोटाचे पेर, अंगठा की प्लेक्ट्रम हा प्रश्न असतोच. शेवटी ॲम्प्लिफायर आणि स्पीकर आपापली चव त्यात मिसळतात.

आता आपल्या मित्रमंडळींत यावर दोन तट आहेत. एक म्हणतो, अमेरिकन फेंडर गिटार असल्याशिवाय या भानगडीत पडूच नये. लिओ फेंडरने १९५१ साली प्रिसिजन बेस बाजारात आणला, तेव्हापासून या नावाचा दबदबा आहे, हे खरे. पण त्या किमतीत आमच्या घरचा कित्येक महिन्यांचा किराणा येईल! दुसरा तट वडीलधाऱ्यांचा. ते म्हणतात, साधना असेल तर वाद्य कसलेही चालते. मला वाटते, दोघांच्याही म्हणण्यात अर्धेच सत्य आहे.

पहिल्या तटाने जेम्स जेमर्सनकडे पाहावे. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या असंख्य ध्वनिमुद्रिकांवर हा माणूस प्रिसिजन बेस वाजवत असे. उजव्या हाताचे एकच बोट तो वापरी आणि सपाट गुंडाळीच्या जुन्या तारा सहसा बदलत नसे. स्टुडिओत तर पुष्कळदा ॲम्प्लिफायरही नसे, गिटारची वायर थेट ध्वनिमुद्रणाच्या यंत्राला जोडलेली असे. असे गिटार दुकानात कोणालाही मिळत होते. ते बोट मात्र विकत मिळत नव्हते. तरीही मोटाउनच्या तबकडीवर त्याचे नाव छापून यायला १९७१ साल उजाडावे लागले.

आपल्याकडे तरी काय वेगळे घडले? ताडदेवच्या फिल्म सेंटरमध्ये राहुल देव बर्मन यांची गाणी ध्वनिमुद्रित होत. त्यांच्या वाद्यमेळात बेस गिटारवर टोनी वाझ असत. ती गाणी गिरगावपासून परळपर्यंत प्रत्येक चाळीत वाजली. आमच्या घरातही सर्वांना ती पाठ आहेत, पण बेस वाजवणाऱ्याचे नाव घरात कोणालाच ठाऊक नव्हते.

आणखी एक उदाहरण मला फार बोलके वाटते. रोलंड या जपानी कंपनीने १९८१ च्या सुमारास टीबी-३०३ नावाचे छोटे यंत्र काढले. बेस वाजवणारा हजर नसेल तर त्याची जागा या यंत्राने भरून काढावी, हा हेतू. पण त्याचा आवाज बेस गिटारसारखा मुळीच येईना, म्हणून ते फसले. मुंबईच्या चित्रपटसंगीतात वादक म्हणून वावरलेल्या चरणजित सिंग यांनी मात्र ते यंत्र घेऊन १९८२ साली दहा रागांची एक डिस्को तबकडी काढली. तिच्याकडे तेव्हा फारसे कोणी लक्ष दिले नाही. पुढे शिकागोतल्या तरुणांच्या हाती हेच यंत्र जुन्या बाजारातून आले. त्यांनी त्याच्या खुंट्या पिळून पिळून १९८७ साली एक नवाच नाद जगापुढे आणला. २०१० साली चरणजित सिंगांची तबकडी पुन्हा निघाली, तेव्हा लोकांना कळले, की आपल्या मुंबईकराने हे पाच वर्षे आधीच केले होते! ज्या यंत्राला कारखान्याने नापास ठरवले, त्यातून दोन ठिकाणच्या माणसांनी आपापला सूर काढला.

मग दुसरा तट म्हणेल, पाहा, आम्ही म्हणत होतो तेच! कसलेही वाद्य चालते. इथेच माझा मतभेद आहे. शिकागोच्या मुलांकडे यंत्र स्वस्तातले असेल, पण ते त्यांच्या हाताशी होते. रात्र रात्र खुंट्या पिळायला ते मोकळे होते. जेमर्सनचीही सुरुवात डेट्रॉइटच्या नॉर्थवेस्टर्न हायस्कूलमध्ये डबल बासवर झाली. साधना हवीच, पण साधना कशावर करायची?

आमच्या चाळीतला एक दादा बेस वाजवतो. दहा बाय बाराची खोली, घरात सहा माणसे, म्हणून ॲम्प्लिफायर लावायची सोय नाही. तो गिटारचे टोक लाकडी कपाटाला टेकवतो आणि कपाटातून येणारा घुमारा ऐकत सराव करतो. युक्ती नामी आहे, पण कपाट म्हणजे काही स्पीकर नव्हे. लहानशा स्पीकरमधूनही सर्वांत खालचा स्वर धड ऐकू येत नाही. तो ऐकू येत नाही म्हणून वाजवणारा जास्त जोर लावतो, तार पट्ट्यांवर खडखडते आणि हाताला तीच सवय जडते. हात कानाकडून शिकतो. कानालाच खर्ज मिळाला नाही, तर हात काय शिकणार?

हा केवळ हौसेचा प्रश्न नाही. हल्ली कित्येक वाद्यवृंदांत बेसचे काम कीबोर्डवाल्याच्या डाव्या हातावर किंवा आधीच भरून आणलेल्या ट्रॅकवर भागवतात. अशा वेळी ज्याचा नाद यंत्रातून निघणार नाही, त्यालाच बोलावणे येईल. बाकीच्यांची बिदागी बुडाली असेच समजायचे.

म्हणून माझी एक साधी सूचना आहे. स्नेहसंमेलनाला बाहेरचा वाद्यवृंद एका रात्रीसाठी आणला जातो, त्याचा आनंद आपण सर्वच घेतो. पण एखाद्या वर्षी त्या खर्चातून जिमखान्यासाठी एक वापरलेले बेस गिटार आणि मोठ्या स्पीकरचा एक ॲम्प्लिफायर घ्यावा. लॅमिंग्टन रोड आपल्यापासून लांब नाही, दुरुस्तीची चिंता नको. तास संपल्यावर दोन तास संगीताची खोली उघडी ठेवावी, किल्ली एखाद्या प्राध्यापकांकडे असावी आणि नोंदवहीत सही करून ज्याने त्याने आपला वेळ घ्यावा. आवाजाचा त्रास होईल, ही शंका रास्त आहे. डॉल्बीने आपल्याला बेस म्हणजे खिडक्यांच्या काचा हादरणे असेच शिकवले आहे. पण नाद शोधणाऱ्याला मोठा आवाज लागत नाही. त्याला स्वच्छ आवाज लागतो.

माझे आजोबा १९८२ च्या संपापर्यंत गिरणीत होते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला. ग्रंथालयात गेलो, तेव्हा मला कोणी विचारले नाही, की तुझ्या घरी पुस्तके आहेत का? घरी नव्हती, म्हणूनच तर ग्रंथालय होते. हाच न्याय वाद्यालाही लावावा, एवढेच माझे म्हणणे आहे.

(द्वितीय वर्ष, कला)