विशेष शाळेचा ताळेबंद

सार्वजनिक संस्थेचे मोल ठरविताना तिच्यावर होणारा खर्च आपण काटेकोरपणे मांडतो. तिच्यामुळे वाचलेले श्रम मात्र कोणत्याही वहीत जमा होत नाहीत. बौद्धिक दिव्यांग मुलांच्या विशेष शाळांना या एकांगी हिशेबाची झळ विशेष लागते. इतके शिक्षक, इतके अनुदान, आणि दहावीला बसलेला विद्यार्थी एकही नाही. तेव्हा हा सारा भूतदयेचा मामला, असा निष्कर्ष सुशिक्षितही बेधडक काढतात.

वस्तुतः या शाळांचा उगम दयेत नसून कुटुंबाच्या निकडीत आहे. मुंबईतील जय वकील शाळा १९४४ साली निघाली ती एका आईबापांनी आपल्या मुलीसाठी काढली म्हणून. तेथे व तत्सम शाळांत शिकवितात काय? सदऱ्याची बटणे लावणे, चमच्याने जेवणे, शौचाची सूचना वेळेवर देणे, नाणी ओळखणे. प्रत्येक मुलाचा आराखडा निराळा. एका बटणाला कधी वर्ष लागते, आणि घरी त्याच पद्धतीने सराव झाला नाही तर शिकलेले विसरले जाते. म्हणून चांगली शाळा आईलाही शिकविते. (वडिलांनाही शिकवील, ते येतील तर!) पण ते बटण एकदा मुलाच्या हाती आले की घरातील कोणाची तरी रोजची काही मिनिटे कायमची मोकळी होतात.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने प्रश्न आहे तो या मिनिटांचा. २०१९ च्या राष्ट्रीय कालविनियोग पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यावरील वेळ दिवसाला सरासरी २९९ मिनिटे, तर पुरुषांचा ९७ मिनिटे आढळला. दिव्यांग मुलाच्या घरी या बोजात किती भर पडते, हे निराळे सांगावयास नको. शाळा भरते तेवढे तास आईला शिवणाचे यंत्र चालविता येते, धाकट्या भावंडाकडे पाहता येते, कधी नुसते झोपता येते. राष्ट्रीय उत्पन्नात यांतील फार थोडे दिसते.

सरकारी मदतीची रचना मात्र वेगळ्याच कुटुंबाकडे पाहते. जुन्या करप्रणालीत दिव्यांग अवलंबितासाठी ७५ हजारांची, तीव्र दिव्यांगत्व असल्यास सव्वा लाखाची वजावट मिळते. ज्याच्यावर करच बसत नाही अशा शेतमजुराला तिचा उपयोग शून्य. त्याच्या दृष्टीने खरी मदत म्हणजे शाळेची गाडी. ती वस्तीपर्यंत आली नाही, तर विनाशुल्क शाळाही त्याला परवडत नाही, कारण मुलाला पोचविण्यात एकाची मजुरी बुडते.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला. त्यापुढे? प्रौढांच्या कार्यशाळा आहेत, पण शाळांच्या मानाने थोड्या. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडून सज्ञान मुलासाठी कायदेशीर पालक नेमून घेता येतो. तो अर्ज भरून घेण्याचे कामही बहुधा शाळेलाच करावे लागते. आणि अठरावे वर्ष उलटताच ज्या आईचे ते तास पुन्हा बुडतात, ती तोवर चाळिशी ओलांडून गेलेली असते.