मूळव्याधीचं दुखणं घराला कळू द्या



आपल्याकडे बायका मूळव्याधीचं नाव घेत नाहीत. "पोटाचं ऑपरेशन झालं" म्हटलं की विषय संपतो. माझं ऑपरेशन नांदेडला झालं, आता तिसरा आठवडा चालू आहे. या दिवसांत माझं एक मत पक्कं झालं. ऑपरेशन डॉक्टर करतात, पण जखम घरी भरते. दुखणं कशाचं आहे हेच ज्या घराला माहीत नाही, ते घर मदत तरी काय करणार?

यात लाजण्यासारखं काय आहे? सुश्रुतसंहितेत 'अर्श' म्हणून याचं वर्णन आहे. औषध, क्षार, अग्नी आणि शस्त्र असे चार उपायही सांगितले आहेत.

मी घरात स्पष्ट सांगितलं. मग लातूरहून आईने सालीची मूगडाळ आणि ज्वारीचं पीठ पाठवलं. शौचानंतर कोमट पाण्याच्या टबात दहा-पंधरा मिनिटं बसायचं असतं. त्या वेळी सासूबाई दाराशी कुणाला येऊ देत नाहीत. पाण्याची घागर मुलगा उचलतो. पोटाचं ऑपरेशन म्हणून सांगितलं असतं, तर मऊ भात आणि साबुदाणाच ताटात आला असता, आणि त्याने मल आणखी घट्ट झाला असता.

कंदमूळ न खाताही चोथा भरपूर मिळतो. दोडका, दुधी, तोंडली, पपई, काळ्या मनुका, दलिया. शेजारीण अंजीर खायला सांगते, ते आपल्याला वर्ज्य. पण इसबगोल चालतो. फक्त त्यावर पाणी भरपूर प्यायला हवं, नाहीतर उलटाच त्रास होतो.

पाणी कमी पिण्याची तर आपल्याला सवयच झालेली. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. शिवाय एसटीच्या प्रवासात बायका सोय नाही म्हणून घोटभर पाण्यावर दिवस काढतात. त्यात चौविहार असेल तर उकळलेलं पाणी दिवसभर थोडं थोडं पीत राहायचं, सगळं सूर्यास्ताच्या तोंडावर नाही.

आणि रात्री वेदना असह्य झाल्या तर? गोळी घेतली तर नियम मोडेल, म्हणून कितीतरी जणी कळ काढत राहतात. पण पच्चक्खाणाच्या पाठातच आगार म्हणजे सवलती दिल्या आहेत. 'सव्वसमाहिवत्तियागार' त्यातलाच एक. तीव्र दुखण्यात मनाची समाधी टिकावी म्हणून औषध घेतलं, तर पच्चक्खाण मोडत नाही. धर्माने दिलेली सवलत घराने का नाकारावी? मनात शंका असेल तर महाराजसाहेबांना विचारा, पण विचारायचं तर दुखण्याचं नाव घ्यावंच लागेल.

सुरुवातीला शौचाच्या वेळी थोडं रक्त दिसतं, त्याने घाबरू नका. पण रक्त थांबेना, गाठी पडू लागल्या, ताप आला किंवा लघवी अडली, तर सकाळची वाट पाहू नका. अशा वेळी घराला आधीपासून माहीत असलं, तर समजावण्यात वेळ जात नाही.

साध्वीजींना आपण किती आपुलकीने "सुखशाता आहे ना?" विचारतो. तोच प्रश्न घरातल्या सुनेला, लेकीलाही विचारूया. आणि उत्तर खरं येईल, एवढा मोकळेपणा तिला देऊया.