कयाकिंगला चाललात? आधी जॅकेटवरचा आकडा बघा
आमच्या बुलढाण्याला समुद्र नाही. त्यामुळे कोकणात कयाकिंगला निघालेली पोरं आधी फोनसाठी वॉटरप्रूफ पाऊच मागवतात. माझ्या मते क्रम उलटा हवा.

१८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईजवळ नौदलाची स्पीडबोट ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर आदळली. दोन्हीकडचे मिळून १५ जण गेले. त्यानंतर गेटवेच्या बोटींवर लाइफ जॅकेट सक्तीचं झालं. कयाकमध्ये मात्र निवड तुमचीच.

चांगल्या जॅकेटच्या लेबलवर ५०, १०० किंवा १५० असा आकडा असतो. तो तरंगवण्याचा जोर, न्यूटनमध्ये. ५० वालं वल्हं मारायला मोकळं, पण ते पोहता येणाऱ्यांसाठी आणि मदत जवळ असेल तेव्हाच. बेशुद्ध माणसाचं तोंड ते पाण्याबाहेर ठेवेलच असं नाही. पोहता येत नसेल तर किमान १०० घ्या. आकडाच नसेल तर घेऊ नका. घातल्यावर खांद्याला धरून वर ओढून बघा. हनुवटीपर्यंत आलं तर साइझ चुकली.

आणि फोन? आयपी६८ची चाचणी गोड्या पाण्यात होते, ओल्या स्क्रीनवर टचही नीट चालत नाही. म्हणून जॅकेटला शिट्टी बांधा. तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर किनाऱ्यावर थांबणाऱ्या मित्राच्या फोनमध्ये सेव्ह करा.