गाईड दाखवत नाही ते

दोस्तांनो, भूतानची ग्रुप टूर जरूर करा. पारोच्या कड्याला लटकलेलं तक्तसांग बघा, मुखवट्यांचा नाच बघा. भारतीयाला रात्रीमागं १२०० रुपये मोजावे लागतात, मोजा. गाईड म्हणेल, हा सुखी माणसांचा देश. तिथं मुंडी हलवू नका. विचारा त्याला : १९८५ च्या कायद्यानं १९५८ सालच्या रहिवासाचा पुरावा कुणाकडं मागितला? १९८९ ला घो आणि किरा सगळ्यांच्या अंगावर का चढवले? शाळेतली नेपाळी भाषा कुठं गेली?

१९९० नंतर दक्षिणेतली लाखभर नेपाळीभाषक माणसं देशोधडीला लागली. नेपाळात झापा-मोरंगच्या छावण्यांत सडली. २००७ नंतर बहुतेक अमेरिकेसह आठ देशांत पांगली. त्यांत कामी होते, दमाई होते, सार्की होते. आपलेच भाऊबंद. आधी मनूनं गावाबाहेर काढलं, मग बुद्धाचं नाव घेणाऱ्या राज्यानं देशाबाहेर.

‘बौद्ध देश आहे, गप बसा’ असं कुणी म्हणालं तर ऐकायचं नाही. बाबासाहेबांनी १९५६ ला धम्म दिला तो समतेसाठी, मठांपुढं फोटो काढायला नव्हे. माणूस हाकलला जातो तिथं मूर्ती उरते, बुद्ध उरत नाही.

जा. पण प्रश्न घेऊन जा.