कोमल गंधार कुठे लागतो?

गिटारच्या बहुतेक वर्गांत मायनर ब्लूज स्केल लवकर शिकवून होतो. पाचव्या पडद्यावरची ए मायनरची चौकट, सहा स्वर, चार दिवसांत बोटांना पाठ. मग बॅकिंग ट्रॅक लावायचा आणि चौकटीत वर-खाली धावायचं. एकही स्वर चुकत नाही, आणि तरी ब्लूज वाजत नाही. याचा दोष विद्यार्थ्याच्या माथी मारणं सोपं आहे. माझ्या मते तो आपल्या शिकवण्याच्या क्रमात आहे.

स्वर आपल्या भाषेत मांडू : सा, कोमल ग, शुद्ध म, तीव्र म, प, कोमल नि. यातला तीव्र मध्यम वगळला की धानीचे पाच स्वर उरतात. ही ओळख विद्यार्थ्याला जरूर करून द्यावी, पण तिथे थांबू नये. धानीच्या मागे तंबोऱ्याचा षड्ज अचल असतो. ब्लूजमध्ये खालची कॉर्ड बदलत राहते आणि तिच्यासोबत प्रत्येक स्वराचं नातं बदलतं.

ए मधला नेहमीचा बारा बारचा ब्लूज घ्या : ए सेवन, डी सेवन, ई सेवन. पहिल्या कॉर्डमध्ये शुद्ध गंधार, म्हणजे सी शार्प, आहे. त्यावर आपण स्केलमधला सी वाजवतो तेव्हा दोन्ही गंधार एकमेकांना घासतात, आणि ते घासणं हवंच असतं. चौथ्या बारमध्ये हाच सी लांबवून धरा. पाचव्या बारला डी सेवन येते आणि धरलेला स्वर न हलता तिचाच एक घटक होतो. ताण आपोआप उतरतो. विद्यार्थ्याने हे एकदा कानाने टिपलं की त्याची बोटं विनाकारण धावायची थांबतात.

गंधाराची जागा तरी कुठे नक्की आहे? पियानोवर कोमल ग षड्जापासून ३०० सेंटवर, शुद्ध ग ४०० वर. ब्लूज गाणारे या दोहोंमधल्या पट्ट्यात फिरतात, कधी तळाशी टेकतात, कधी वर सरकतात. डब्ल्यू. सी. हँडी यांनी १९१४ साली ‘सेंट लुईस ब्लूज’ प्रसिद्ध केलं, तेव्हा अशा गायकीची छटा कागदावर आणण्यासाठी त्यांनी उतरलेले गंधार आणि निषाद वापरले. म्हणजे गळा आधी, लिपी नंतर, आणि आपण शिकवतो तो सहा स्वरांचा तक्ता त्याहूनही नंतरचा. गिटारवर कोमल ग वाजवून तार किंचित ताणावी, पूर्ण शुद्ध गंधारापर्यंत नेऊ नये. कीबोर्डवाल्यांनी कोमल गाला निसटता स्पर्श करून शुद्ध गावर उतरावं. मींड ऐकत वाढलेल्या आपल्या मुलांचा कान याला तयार असतो, आपण तो वापरत नाही.

तीव्र मध्यमाबद्दल एवढंच की तो वाटेवरचा स्वर आहे. मध्यमाकडून पंचमाकडे जाताना किंवा उतरताना घ्यावा. नवशिका त्यावर मुक्काम करतो तेव्हा सगळी ओळ लंगडते.

मायनर कॉर्डच्या ब्लूजमध्ये हिशेब पुन्हा वेगळा. ‘द थ्रिल इज गॉन’ हे मूळ रॉय हॉकिन्सचं १९५१ चं गाणं, बी. बी. किंग यांनी १९६९ मध्ये ते बी मायनरमध्ये ध्वनिमुद्रित केलं. इथे पहिल्या कॉर्डचाच गंधार कोमल, त्यामुळे ते घासणं नाही, कोमल ग निवांत बसतो. शेवटाकडे जी मेजर सेवन आणि मग एफ शार्प सेवन येते. जीवर आपला पंचम फार गोड लागतो. एफ शार्पमध्ये मात्र शुद्ध निषाद आहे आणि स्केलमध्ये कोमल. तिथे डोळे मिटून चौकट चालवली तर कॉर्ड हातातून निसटते. किंग यांचे मोजके स्वर आणि मधल्या रिकाम्या जागा विद्यार्थ्यांसोबत बसून ऐकाव्यात.

शिक्षक मित्रांना विनंती आहे : यंदाच्या नव्या तुकडीला स्केलचा तक्ता पहिल्या दिवशी देऊ नका. आधी तीन कॉर्ड वाजवा, मुलांकडून फक्त सा, ग आणि प गाऊन घ्या, आणि प्रत्येक कॉर्डवर गंधार कसा लागतो ते त्यांनाच सांगू द्या. तक्ता त्यानंतर द्या.